बॅट कोणाची, नंबर कोणाचा?

(ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो ती वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



कर्जत लोकलमध्ये असाल आणि बदलापूरनंतर बसायला जागा मिळाली असेल, तर आरामात ऐका. उभे असाल तर एक कान मोकळा ठेवा. आजचा भाग आपल्या कर्जत-खालापूरचा आहे, पण मध्ये वानखेडेलाही जाऊ आणि पुण्यालाही जाऊन येऊ. विषय जरा जड वाटेल: मनाचा मोठेपणा आणि न्याय. घाबरू नका, कीर्तन करणार नाही. सुरुवात क्रिकेटपासूनच करतो. आणि खरं सांगायचं तर माझ्याच एका चुकीपासून.

खाचरातलं पिच

माझं गाव नेरळ आणि कर्जतच्या मधलं. आमच्याकडे क्रिकेटचा सीझन आयपीएलवर ठरत नाही, भातावर ठरतो. दिवाळीच्या आसपास कापणी होते, झोडणी होते, आणि खाचर मोकळं झालं की पोरं ढेकळं फोडून पिच तयार करतात. बांधापलीकडे बॉल गेला की फोर, पेंढ्याच्या उडवीवर पडला की सिक्स. आउट कोण आणि नॉट आउट कोण, हे आवाज कोणाचा मोठा त्यावर.

आमच्या आळीत बॅट एकच होती, ती माझी. वडिलांनी कल्याणहून आणलेली. तुम्हीही असं खेळला असाल तर पुढचा नियम मी सांगायची गरज नाही: ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. पहिल्या बॉलवर बोल्ड झालो तर तो 'ट्रायल बॉल'. आणि भांडण झालं तर बॅट घरी जाणार, म्हणजे खेळ बंद.

गंमत म्हणजे मला तेव्हा वाटायचं, आपण काय दिलदार आहोत! स्वतःची बॅट आख्ख्या गावाला खेळायला देतो. आणि ते काही खोटंही नव्हतं. मी बॅट देत होतोच.

डोंगराकडच्या ठाकरवाडीवरून एक मुलगा यायचा. नाव सांगत नाही. बॉलिंग अशी की मोठी मुलंसुद्धा त्याच्यासमोर पहिली यायला टाळायची. सकाळी आला की उन्हं चढेपर्यंत टाकायचा. बॅटिंग त्याच्या वाट्याला यायचीच नाही. कधी वेळ संपायची, कधी बॅटच्या मालकाला, म्हणजे मला, घरून हाक यायची.

एका रविवारी मलाच त्याची दया आली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अरे, यालाही दोन बॉल खेळू द्या." अगदी राजासारखा बॅट त्याच्यापुढे धरली.

त्याने बॅट घेतली नाही. म्हणाला, "दोन बॉल नको. माझा नंबर कधी, ते सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याच्याकडे उत्तर नसतं तो जे म्हणतो, तेच मी म्हणालो: "बॅट माझी आहे."

त्याने बॉल बांधावर ठेवला आणि वाडीची वाट धरली. पुन्हा काही तो आमच्यात खेळायला आला नाही.

मला खूप दिवस वाटत होतं की तोच आखडू होता. आपण चांगलं करायला गेलो आणि त्याने भाव खाल्ला. पुढे इतिहास वाचायची आवड लागली, तेव्हा हळूहळू कळलं की त्याने विचारलेला प्रश्न माझ्या बॅटपेक्षा फार जुना आहे. आणि तो आपल्याच तालुक्यात, आपल्याच मातीत, फार मोठ्या माणसांनी विचारलेला आहे.

वानखेडेवरचा मोठेपणा

आधी मोठेपणाचं एक खरंखुरं उदाहरण घेऊ. म्हणजे तुलना करायला बरं पडेल.

फेब्रुवारी १९८०. मुंबईत वानखेडेवर भारतीय क्रिकेट बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडविरुद्ध एकच कसोटी. या कसोटीची एक वेगळीच आठवण सांगतात: १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण होतं, म्हणून त्या दिवशी खेळाला सुट्टी दिली होती. कर्णधार होता गुंडाप्पा विश्वनाथ.

भारताच्या २४२ धावा. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८. इयन बोथमच्या जोडीला यष्टिरक्षक बॉब टेलर आला. थोड्या वेळाने कपिल देवच्या एका चेंडूवर यष्टीमागे झेल गेल्याचं अपील झालं आणि पंचांनी टेलरला बाद दिलं. टेलर घुटमळला, त्याच्या मते चेंडू बॅटला लागलाच नव्हता. विश्वनाथ स्लिपमध्ये उभा होता, त्यालाही तसंच वाटलं. तो पंचांशी बोलला आणि टेलरला परत बोलावून घेतलं.

पुढे काय झालं? टेलरने ४३ धावा केल्या, बोथमने ११४. दोघांची भागीदारी १७१ची. बोथमने सामन्यात १३ बळीही घेतले आणि भारत दहा गडी राखून हरला.

आजही क्रिकेटप्रेमी वाद घालतात की विश्वनाथने सामना घालवला. पण मला या गोष्टीत दुसरंच काहीतरी दिसतं. विश्वनाथने टेलरवर उपकार केले नाहीत. टेलर आउट नव्हता, म्हणजे ती विकेट भारताची नव्हतीच. जे आपलं नाही ते विश्वनाथने परत केलं, आणि त्याची किंमत स्वतःच्या संघाच्या खात्यातून भरली. त्यानंतर टेलर क्रीजवर उभा राहिला तो कोणाच्या मेहेरबानीवर नाही, स्वतःच्या हक्काने. विश्वनाथ चार ओव्हरनंतर त्याला "बस आता, दोन बॉल झाले" असं म्हणू शकत नव्हता.

आता माझी बॅट आठवा. मी 'दोन बॉल' दिले होते. नियम माझा, बॅट माझी, आणि दोन बॉलनंतर ती कधी परत घ्यायची हेही मीच ठरवणार. माझं काय गेलं असतं? काहीच नाही.

मला वाटतं, फरक इथे आहे. कोणी मोठेपणाने काही दिलं की आपण टाळ्या वाजवतो. पण एक प्रश्न विचारून बघावा: देऊन झाल्यावर हुकूम कोणाच्या हातात राहिला?

नेटमध्ये बॉलिंग, पण बॅटिंग नाही

आता पुण्याला जाऊ. काळ १८९२ च्या आसपासचा.

पळवणकर बाळू हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. कुटुंब मूळचं कोकणातल्या पळवणचं, चांभार समाजातलं. वडील सैन्यात. पोरगा पुण्यात एका पारशी क्लबच्या मैदानावर झाडलोट आणि पिचवर रोलर फिरवण्याचं काम करायचा, पगार महिना तीन रुपये. मग पुण्यातल्या युरोपियन लोकांच्या क्लबमध्ये लागला, तिथे चार रुपये.

तिथे ग्रेग नावाचा एक इंग्रज फलंदाज होता, त्या काळातला हिंदुस्थानातला नावाजलेला. त्याला सरावासाठी बॉलर हवा असायचा. बाळू डावखुरी फिरकी टाकायचे. ग्रेग इतरांच्या तासभर आधी यायचा आणि बाळूंकडून बॉलिंग करून घ्यायचा. असं सांगतात की आउट केल्यावर दर वेळी आठ आणे द्यायचा. चार रुपये पगारात आठ आणे म्हणजे थोडी रक्कम नव्हे. म्हणजे ग्रेग दिलदारच म्हणायचा.

पण रामचंद्र गुहांनी भारतीय क्रिकेटचा जो सामाजिक इतिहास लिहिला आहे, त्यात बाळूंनी आपल्या मुलाला सांगितलेली एक आठवण येते. ग्रेगला शेकडो तास बॉलिंग केली, पण नेटमध्ये एकदाही बॅट हातात मिळाली नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. मला आमचं खाचर दिसलं.

पुढची गोष्ट आणखी अवघड आहे. बाळूंची बॉलिंग बघून पुण्यातल्या हिंदू संघाला त्यांची गरज पडली. युरोपियनांना हरवायचं तर हा बॉलर पाहिजेच. बऱ्याच चर्चेनंतर त्यांना संघात घेतलं. मैदानावर सगळ्यांनी त्याच चेंडूला हात लावला. पण चहाच्या वेळी बाकीचे पॅव्हेलियनमध्ये, आणि बाळूंना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताटही वेगळं.

नंतर ते मुंबईला आले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी एकूण ११४ बळी घेतले. परत आल्यावर सत्कार झाले. त्यांचं कौतुक करणाऱ्यांत तरुण भीमराव आंबेडकरही होते.

कौतुक मिळालं, सत्कार मिळाले. कर्णधारपद? ते काही मिळालं नाही. वर्षानुवर्षं संघातला सर्वात मोठा बॉलर, पण कर्णधार कायम दुसराच.

आणि इथे या गोष्टीला वळण लागतं. बाळूंचे भाऊही उत्तम खेळाडू होते: शिवराम, गणपत आणि विठ्ठल. १९२० साली बाळूंना संघातून वगळलं आणि कर्णधारपदासाठीही पळवणकरांना डावललं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निषेध करून संघातून माघार घेतली. बॉल बांधावर ठेवला म्हणा ना! त्यावर वर्तमानपत्रांत, लोकांत चर्चा पेटली. पुढच्या सामन्यात बाळू उपकर्णधार म्हणून परतले आणि कर्णधार एम. डी. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ बाळूंनी संघाचं नेतृत्व केलं.

पै यांचा तो मोठेपणाच. मी तो कमी लेखत नाही. पण लक्षात घ्या, तेही एक प्रकारे 'दोन बॉल'च होते. खरा निकाल लागला तो १९२३ साली, विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले तेव्हा. त्या वर्षी त्यांच्या संघाने स्पर्धाही जिंकली. चार रुपये पगारावर रोलर फिरवणाऱ्या बाळूपासून इथपर्यंत यायला तीस वर्षं लागली.

आता तुम्ही म्हणाल, हे पुण्या-मुंबईचं झालं, कर्जतचं काय? येतोच तिकडे. कारण हाच प्रश्न आपल्या डोंगरात क्रिकेटचा नव्हता, पोटाचा होता.

अधोली, पायली आणि कोठी

कर्जतचा भात प्रसिद्ध. इथल्या भात संशोधन केंद्राने काढलेल्या जाती 'कर्जत' याच नावाने ओळखल्या जातात. पण भात पिकवणाऱ्याच्या घरात भात वर्षभर पुरत होता का? शंभर वर्षांपूर्वी तरी बहुतेक घरांत नाही.

शेतीचं गणित बघा. भात दिवाळीला घरात येतो. खंड द्यायचा, जुनं कर्ज फेडायचं, उरलं ते खायचं. आषाढ-श्रावणात, म्हणजे लावणीचं सगळ्यात जड काम असतं नेमकं तेव्हा, कणगी रिकामी. मग माणूस सावकाराच्या दारात जायचा. सावकार खावटी द्यायचा, म्हणजे खाण्यापुरतं धान्य उसनं. परत कसं घ्यायचा? दिढीने. पावसात एक मण नेलं की चार-पाच महिन्यांनी दीड मण परत. त्यातही अधोली त्याची, पायली त्याची, मापणारा माणूस त्याचा. पुढच्या पावसाळ्यात कणगी आणखी लवकर रिकामी.

आणि गंमत पाहा. त्या पावसात, पोरं उपाशी असताना, दार उघडणारा सावकार लोकांना देवमाणूसच वाटायचा. अडीअडचणीला धावून आला म्हणायचे. तो देत होताच की! मी बॅट देत होतो, तसा.

आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्याकडच्या बाजूला, अलिबाग तालुक्यात, चरी गावातून १९३३ साली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्याच थांबवल्या आणि वर्षानुवर्षं नेट धरला. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. तेव्हा हा जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१चं. तर सांगायचं म्हणजे, वारं वाहायला लागलं होतं.

डोंगराकडच्या बाजूला ते वारं आणलं विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांनी. म्हणजे आपले हुतात्मा भाई कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानचा. घर नाभिक समाजातलं, परिस्थिती साधी. शिकून वकील झाले. माथेरान नगरपालिकेत निवडून गेले, उपाध्यक्ष झाले. नेरळ-माथेरानला लहानपणापासून आपण 'कोतवाल' हे नाव चौकाच्या पाटीवर वाचतो, जयंती-पुण्यतिथीला ऐकतो. २०२० साली त्यांच्यावर मराठी चित्रपटही आला. बहुतेकांना त्यांचा शेवट माहीत असतो. मला आज त्याआधीचं एक काम सांगायचं आहे: धान्य कोठी.

भाईंनी शेतकऱ्यांसाठी, आदिवासींसाठी धान्य कोठ्या सुरू केल्या. कोठी म्हणजे धान्याची बँक. कल्पना साधी. सुगीला सगळ्यांनी थोडं थोडं धान्य एकत्र साठवायचं. पावसाळ्यात ज्याला लागेल त्याने त्यातून न्यायचं आणि पीक आलं की परत भरायचं. सावकाराच्या दिढीच्या फेऱ्यातून सुटायचा हा रस्ता होता. जोडीला गावोगावी स्वयंसेवी शाळा, कारण सावकाराच्या वहीत काय लिहिलंय ते वाचता आलं पाहिजे.

मंडळी, यातली मेख ओळखा. भाईंना लोकांना धान्य वाटता आलं असतं. वकील माणूस, नगरपालिकेत वजन. मुंबईच्या चार श्रीमंतांकडून, माथेरानला हवा खायला येणाऱ्या शेटजींकडून पोती मागून आणली असती आणि वाटली असती, तर लोकांनी पाया पडून घेतली असती. पुढच्या पावसात पुन्हा हात पसरले असते, फक्त सावकाराऐवजी भाईंपुढे. कोठीत तसं नाही. तिथे धान्य नेणारा हा धान्य ठेवणाराही असतो. त्याला 'कृपा करा' म्हणावं लागत नाही. त्याचा नंबर ठरलेला असतो.

मग १९४२ आलं. भाई भूमिगत झाले, आझाद दस्ता उभा राहिला. आता इथे खोपोली आणि भिवपुरी डोळ्यांसमोर आणा. खालापूर तालुक्यातल्या खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून सुरू होतं, कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं १९२२ पासून. घाटावरच्या तलावांचं पाणी डोंगरावरून खाली यायचं आणि त्याची वीज मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांना जायची. तारा खेड्यांच्या डोक्यावरून, आणि खाली घरात घासलेटची चिमणी. भाईंच्या दस्त्याने त्या वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये हे मनोरेच पाडायला सुरुवात केली. युद्धाच्या काळात मुंबईची वीज तुटणं म्हणजे काय, ते सरकारला लगेच कळलं. भाईंना पकडून देणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर झालं.

२ जानेवारी १९४३, पहाटे. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. त्या गोळीबारात मानिवलीचे हिराजी पाटील आणि भाई कोतवाल हुतात्मा झाले. भाईंना तिशी पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता. आजही दर वर्षी २ जानेवारीला लोक सिद्धगडला जमतात.

आपण त्यांचं बलिदान आठवतो, आणि आठवलंच पाहिजे. पण मला कधीकधी वाटतं, जीव देण्याइतकंच ते कोठीचं काम अवघड असणार. घरोघरी जाऊन उपाशी माणसाला "तुझ्यातलं मूठभर ठेव" म्हणायचं. कोणी किती ठेवलं, किती नेलं, सगळं चोख लिहायचं. कोणी परत भरलं नाही तर भांडण न करता समजवायचं. त्याला टाळ्या नसतात. टाळ्या मिळतात त्या वाटणाऱ्याला.

इर्शाळवाडीची पायवाट

हा इतिहास झाला असं म्हणून पुढे गेलो असतो. पण १९ जुलै २०२३ ची रात्र आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही.

खालापूर तालुक्यात चौकजवळ इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी. ठाकर समाजाची वस्ती. रात्री दरड कोसळली आणि वाडी मातीखाली गेली. २७ जणांचे मृतदेह सापडले, ५७ जण सापडलेच नाहीत.

त्या रात्री आणि पुढचे दिवस माणसं ज्या तऱ्हेने धावली, ते मी विसरणार नाही. खोपोलीची यशवंती हायकर्सची मंडळी भर पावसात वर चढली. एक्सप्रेसवेवर अपघात झाला की धावणारी खोपोलीचीच 'अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी' ही टीम आली. एनडीआरएफ आलं. वर रस्ता नाही म्हणून मशिनरी पोहोचत नव्हती, फावड्या-कुदळींनी माती उपसली. मदतीला चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा वाटेतच हृदयविकाराने मृत्यू झाला. याला मोठेपणा म्हणायचं नाही तर कशाला?

आमच्या ग्रुपनेही टेम्पो भरून सामान नेलं. ब्लँकेट, बिस्किटं, कपडे. टेम्पोजवळ फोटो काढला, स्टेटसला ठेवला. मीच ठेवला.

पायथ्याशी उभं असताना वरून उतरणारा एक म्हातारा माणूस भेटला. मी म्हटलं, "बाबा, केवढी अवघड वाट आहे ही!" तो म्हणाला, "आम्ही रोजच चढतो."

बस, एवढंच म्हणाला. त्यात राग नव्हता. पण मला माझी बॅट आठवली. बाळंतीण असो, आजारी म्हातारी असो की शाळेत जाणारं पोर, ती वाडी वर्षानुवर्षं याच पायवाटेने चढ-उतार करत होती. आम्ही एका रात्री चढलो आणि आम्हाला ती वाट अवघड वाटली. मदत त्या रात्री पोहोचली, आणि ती पोहोचायलाच हवी होती. रस्त्याचा नंबर मात्र लागला नव्हता. पुढे वाचलेल्यांसाठी चौकजवळ पक्की घरं बांधली गेली. डोंगरातल्या बाकीच्या वाड्यांचा नंबर कधी, हा प्रश्न अजून तिथेच आहे.

मला चुकीचं समजू नका. मदत करू नका असं मी म्हणत नाही. पूर आला, दरड कोसळली, तर आधी धावायचं, प्रश्न नंतर. विश्वनाथचा मोठेपणा हवा, पै यांचा हवा, कुदळ घेऊन चढणाऱ्या पोरांचा तर हवाच हवा. एवढंच म्हणतो की टेम्पो रिकामा करून परत येताना मनात एक प्रश्न घेऊन यावं: पुढच्या वेळी यांना माझ्या टेम्पोची वाट बघावी लागू नये, म्हणून काय करता येईल? ग्रामसभेत वाडीच्या रस्त्याचा विषय निघाला की आपण हात वर करतो का? त्याचा फोटो निघत नाही, खरं आहे.

रेघा

शेवट पुन्हा त्या मुलापाशी.

गेल्या वर्षी नेरळच्या बाजारात भेटला. आता त्याचा स्वतःचा भाजीचा धंदा आहे, वाडीवरची काकडी-कारली बाजारात आणतो. चहा घेतला. मी बरेच वर्षं मनात ठेवलेला विषय काढला. म्हटलं, "तुला आठवतंय? खाचरात... मी दोन बॉल म्हणालो होतो."

तो हसला. "काय रे, एवढं जुनं! मला नाही आठवत."

आठवत नसेलही. किंवा मला मोकळं करायला म्हणाला असेल. तो खरा मोठेपणा, आणि तो माझ्याकडून नाही, त्याच्याकडून आला.

मग त्याने वाडीवरच्या पोरांचं सांगितलं. त्यांच्याकडे आता बॅट आहे. कोणाची? सगळ्यांची. दहा-दहा, वीस-वीस रुपये काढून घेतलेली. नंबर कसा ठरतो? जमिनीवर रेघा ओढतात, प्रत्येक रेघेखाली एक आकडा, वर बॅट आडवी ठेवून आकडे झाकायचे. मग प्रत्येकाने एक रेघ निवडायची. बॅट उचलली की ज्याचा जो आकडा, तो त्याचा नंबर. लहान असो, मोठा असो.

"आणि भांडण झालं तर? बॅट कोण घेऊन जातं?" मी विचारलं.

"कोण नेणार? एकट्याची नाही ना ती," तो म्हणाला, आणि भाजीचे पैसे मोजायला लागला.

त्याला धान्य कोठीबद्दल विचारायचं राहूनच गेलं. पण मला वाटतं, विचारायची गरज नव्हती.

तर मंडळी, या रविवारी तुमच्या टर्फवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कापणी झालेल्या खाचरात खेळायला गेलात, तर जरा बघा. कोण सकाळपासून नुसतीच बॉलिंग टाकतंय? त्याला दोन बॉल देऊ नका. रेघा ओढा.

भेटूया पुढच्या भागात. नेरळ आलं असेल, उतरताना सांभाळून उतरा!